क्रूझ रद्द झाली म्हणून व्हाउचरच घ्यायचं, असं कुठे लिहिलंय?

राजूर म्हणजे कोळशाच्या खाणी आणि चुनाभट्ट्या. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. तरी 'क्रूझ' हा शब्द आता वणी तालुक्यात नवा राहिलेला नाही. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त होणारे कामगार हाती आलेल्या पैशातून एखादी मोठी सहल काढतात. पुण्यात नोकरी करणारी मुलं आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवशी मुंबई–गोवा फेरी भेट देतात. बुकिंग वणीच्या किंवा नागपूरच्या एजंटाकडून होतं, नाहीतर मोबाइलवर. फेरी झाली तर फोटो गावभर फिरतात. फेरी रद्द झाली तर एक ईमेल येतो, त्यात एक कोड असतो, आणि चौकात चर्चा होते की "आता पैसे काही मिळत नाहीत बा, व्हाउचरच मिळते, नियमच हाय तसा."

असा नियम नाही. कंपनीने स्वतः फेरी रद्द केली तर ग्राहकाने व्हाउचरच घेतलं पाहिजे, असं सांगणारा एकही कायदा भारतात नाही. उलट १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६५ सांगतं की करार निरर्थक ठरला, तर त्यापोटी ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करायचा किंवा त्याची भरपाई द्यायची. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत करायला नकार देणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बुकिंगच्या अटींमध्ये "कंपनी परताव्याऐवजी क्रेडिट देऊ शकते" असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, हे खरं. ती अट तुमच्या विरोधात वापरली जाईल, हेही खरं. पण ग्राहकाला अन्यायकारक ठरणाऱ्या एकतर्फी अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार याच कायद्याने राज्य ग्राहक आयोगाला दिला आहे. छापलेलं सगळं अंतिम असतं असं नाही.

मग हा समज आला कुठून? करोनाच्या वर्षातून. २५ मार्च २०२० पासून देशभर विमानं थांबली आणि कंपन्यांनी प्रवाशांच्या पैशांचे परस्पर 'क्रेडिट शेल', म्हणजे फक्त पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारी जमा, करून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला, आणि लोकांच्या लक्षात त्यातलं एकच वाक्य राहिलं की "कोर्टानेच व्हाउचर मान्य केलं." निकालात प्रत्यक्षात बरंच काही होतं. टाळेबंदीत, म्हणजे २५ मार्च ते २४ मे या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे लगेच द्यायचे. आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत द्यायचे. जी कंपनी आर्थिक अडचणीमुळे ते देऊ शकत नसेल, तिलाच क्रेडिट शेलची मुभा होती, आणि तीही ३१ मार्च २०२१ पर्यंत. तो शेल कोणत्याही मार्गासाठी वापरता येणार, दुसऱ्या कोणालाही देता येणार. रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का दराने त्याची किंमत वाढणार. आणि शेवटपर्यंत वापरला नाहीच, तर पैसे परत.

म्हणजे न्यायालयाने मान्य केलेलं व्हाउचर वाढतं होतं, हस्तांतर करता येणारं होतं आणि शेवटी रोख होणारं होतं. आज कंपन्या जे पाठवतात त्यात या तिन्हींपैकी बहुधा काहीच नसतं. शिवाय तो निकाल विमानाच्या तिकिटांपुरता होता, जहाजाचा त्यात संबंध नव्हता. विमानांच्या बाबतीत तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आधीपासूनच स्पष्ट आहे. पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही ही निवड प्रवाशाची, कंपनीने ती परस्पर करायची नाही. क्रूझसाठी असा वेगळा नेमका नियम नाही, आणि कंपन्यांना मोकळं रान मिळतं ते इथेच. पण वेगळा नियम नाही म्हणून करार कायदा आणि ग्राहक कायदा समुद्रावर लागू होत नाहीत, असं थोडंच आहे.

दुसरा घोटाळा होतो तो 'कोणी रद्द केलं' या प्रश्नावर. तुम्ही स्वतः सहल रद्द केली तर अटींप्रमाणे कपात होणार, त्यात वाद नाही. कंपनीने रद्द केली तर चित्र वेगळं. म्हणूनच काही वेळा ईमेलमध्ये 'रद्द' हा शब्द सापडतच नाही. "आपल्या सोयीसाठी आपली सहल पुढील हंगामात हलवत आहोत, संमतीसाठी येथे दाबा," असं काहीतरी असतं. ते बटण दाबलं की कागदोपत्री बदल तुमच्या विनंतीवरून झालेला ठरतो. माझं मत विचाराल तर या एका बटणावर जितके पैसे अडकतात तितके बारीक अक्षरांतल्या अटींवरही अडकत नसतील. उत्तर द्यायचं ते लेखी द्या. "फेरी कंपनीने रद्द केली आहे, मला पर्यायी तारीख नको, भरलेली पूर्ण रक्कम परत हवी," एवढी दोन ओळींची ईमेल पुरे. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी ही ईमेल पाठवाच.

फेरी सुटली पण ठरल्याप्रमाणे झाली नाही, हा तिसराच प्रकार. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजावर करोनाचे रुग्ण सापडले आणि जहाज प्रवाशांसह मुंबईला परत आणावं लागलं. अशा वेळी सगळे पैसे परत मिळतील असं कोणी सांगत असेल तर ती अतिशयोक्ती. जे दिवस राहिलात आणि जे जेवलात ते वगळून, न मिळालेल्या भागाचा हिशेब मागता येतो. वादळामुळे एखादं बंदर टाळलं तर बहुतेक अटींनुसार कंपनीला तेवढी मुभा असते. मात्र ज्या बंदरात जहाज गेलंच नाही, तिथलं बंदर शुल्क तुमच्याकडून घेतलं असेल तर ते मागायला लाजू नका.

बंदर शुल्कावरून आठवलं. "व्हाउचर पूर्ण रकमेचं आहे" हे वाक्य ऐकलं की आधी बिल काढा. क्रूझच्या बिलात खोलीचं भाडं, बंदर शुल्क, सेवकांची बक्षिसी आणि जीएसटी असे वेगवेगळे आकडे असतात. पुष्कळदा व्हाउचर फक्त भाड्याचं असतं आणि बाकीच्या रकमांबद्दल कोणी बोलत नाही. जहाज सुटलंच नसेल तर बंदर शुल्क कशाचं आणि बक्षिसी कोणाला? दुसरं म्हणजे व्हाउचर रुपयांत असतं, सहलीत नसतं. मार्चमधल्या साध्या दिवसाचं व्हाउचर दिवाळीच्या सुट्टीत वापरायला गेलात तर भाड्यातला फरक तुम्हीच भरायचा. काही व्हाउचरं गर्दीच्या तारखांना चालतच नाहीत. काही एका झटक्यात संपवावी लागतात. पन्नास हजारांच्या व्हाउचरवर चाळीस हजारांची खोली घेतली तर वरचे दहा हजार बुडाले.

आणि मुदत. 'एक वर्ष वैध' याचा अर्थ वर्षभरात बुकिंग करायचं की वर्षभरात प्रवास पूर्ण करायचा, हे आधी विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. अरबी समुद्रात पावसाळ्यात क्रूझ चालत नाहीत. जहाज त्या काळात पूर्व किनाऱ्यावर नेतात. जून २०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेची फेरी सुरू झाली ती अशीच. त्यामुळे मुंबईहूनच निघायचं असेल तर वर्षातले चार महिने आधीच वजा. त्यातून मुलांच्या परीक्षा, कापूस वेचणीचे दिवस आणि घरातली लग्नं वजा केली की राजूरच्या माणसाला बारा महिन्यांच्या मुदतीतले जेमतेम दोन-तीन महिने उरतात.

आता सर्वांत महागडा गैरसमज. "व्हाउचर म्हणजे पैसे सुरक्षित आहेत, आज ना उद्या वापरू." व्हाउचर घेणं म्हणजे कंपनीला बिनव्याजी, बिनतारणी उसने पैसे देणं. ज्या कंपनीच्याच सेवेसाठी वापरता येतं अशा व्हाउचरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि बँक ठेवीसारखं विम्याचं कवचही त्याला नसतं. कंपनी आहे तोवर ते आहे.

मुंबईतलंच उदाहरण आहे. एस्सेल समूहाच्या जलेश क्रूझेसचं 'कर्णिका' हे जहाज एप्रिल २०१९ मध्ये थाटामाटात दाखल झालं. मार्च २०२० मध्ये फेऱ्या थांबल्या, ऑक्टोबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, आणि ते वर्ष संपायच्या आत कर्णिका भंगारात निघून गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्याला लागली. "पुढच्या हंगामात या" असं लिहिलेला कागद अशा कंपनीच्या नावाने जपून ठेवला असता, तर पुढच्या हंगामात जहाजच नव्हतं. गो फर्स्ट विमान कंपनीने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उड्डाणं थांबली. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, ग्राहक आयोगातलेही. मग दिवाळखोरी अधिकाऱ्याकडे दावा दाखल करून रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेत बँका आणि कामगार प्रवाशांच्या पुढे असतात. कंपनी अडचणीत असल्याच्या बातम्या येत असतील तर व्हाउचर दुप्पट किमतीचं दिलं तरी घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

याचा अर्थ व्हाउचर नेहमी वाईट, असा नाही. कंपनी भक्कम आहे, तुमची नवी तारीख ठरलेली आहे आणि व्हाउचरची किंमत भरलेल्या रकमेपेक्षा जास्त आहे, तर जरूर घ्या. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी रद्द फेऱ्यांसाठी १२५ टक्के क्रेडिट देऊ केलं होतं. पण त्याच्या शेजारी शंभर टक्के रोख परताव्याचा पर्यायही ठेवला होता. परदेशात राहणाऱ्या मुलांनी तिकडच्या बंदरातून निघणारी फेरी बुक केली असेल तर तिथले नियम लागू होतात, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेच्या सागरी आयोगाच्या २०२२ च्या नियमानुसार फेरी रद्द झाली किंवा तीन वा अधिक दिवस लांबली, तर प्रवासी पैसे मागू शकतो. युरोपात पॅकेज सहल रद्द झाल्यास चौदा दिवसांत परतावा द्यायचा असतो आणि व्हाउचर प्रवाशाच्या मर्जीवर असतं.

एजंटाविषयीही दोन टोकाचे समज आहेत. "पैसे एजंटाला दिले, आता तोच जबाबदार," हे एक आणि "एजंट हात वर करतो म्हणजे संपलं," हे दुसरं. दोन्ही अर्धवट. तक्रारीत एजंट आणि क्रूझ कंपनी दोघांनाही सामील करता येतं, आणि करावंच. कंपनीने पैसे परत पाठवूनही ते मधल्या माणसाकडे अडकतात, हे करोनानंतर मोठ्या प्रमाणावर दिसलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये यात्रा या ऑनलाइन कंपनीला टाळेबंदीतल्या रद्द तिकिटांचे उरलेले अडीच कोटींहून अधिक रुपये प्रवाशांना परत करण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये हीच थकबाकी २६ कोटींच्या वर होती. चार वर्षांनी का होईना, पैसे निघाले ते तक्रारी नोंदल्या म्हणून. एजंटाला रोख दिलं असेल तर पावती हवीच. 'वहीत लिहिलंय' याला आयोगासमोर फार वजन येत नाही. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ठरावीक मुदतीत व्यवहारावर हरकत घेता येते. व्हाउचर स्वीकारल्यावर मात्र ती हरकत टिकणं अवघड होतं.

रेल्वेचं तिकीट ही वेगळीच गोष्ट. क्रूझ रद्द झाली म्हणून वणीहून मुंबईला जाण्यासाठी काढलेल्या नंदीग्राम एक्स्प्रेसच्या तिकिटाचे पूर्ण पैसे मिळत नाहीत. ते तुम्ही रद्द केलेलं तिकीट ठरतं आणि कपात होते. गाडीच रेल्वेने रद्द केली असती तर पूर्ण भाडं परत आलं असतं. तेव्हा क्रूझ रद्द झाल्याची ईमेल आली की त्याच दिवशी रेल्वे आणि हॉटेलचं बुकिंग रद्द करा. उशीर कराल तशी कपात वाढते. झालेली कपात नुकसानभरपाई म्हणून क्रूझ कंपनीकडे मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही. प्रवास विम्यावरही डोळे झाकून विसंबू नका. पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरताच तो असतो आणि क्रूझ कंपनी बुडाली हे कारण त्यात बहुधा नसतं.

"पण मुंबईच्या कंपनीशी भांडायला मुंबईला कोण जाणार?" म्हणून राजूरची माणसं गप्प बसतात. जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. राजूरच्या माणसासाठी तो आयोग यवतमाळला आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटल्यास ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य आहे. बुकिंगची पावती, रद्द झाल्याची ईमेल आणि तुमची परतावा मागणारी ईमेल एवढी कागदपत्रं जोडा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे करायचं असतं, आणि व्हाउचरची मुदत संपायची वाट पाहत बसलात तरी ही दोन वर्षं थांबत नाहीत.