आकार देतो तो उरत नाही

वेडेवाकडे दात सरळ करताना दंतवैद्य दातावर चिकटवतो तो ब्रॅकेट कधी नीट निरखून पाहावा. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा तुकडा. मधोमध तारेसाठी चौकोनी खाच, दोन्ही अंगांना तार अडकवायचे पंख आणि पाठीला दाताच्या गोलाईशी जुळणारी बैठक. स्टेनलेस स्टीलच्या सळईतून असा तुकडा कोरून काढायचा तर मालापेक्षा चुराच जास्त निघेल. म्हणून आज असे ब्रॅकेट मोठ्या प्रमाणावर प्लॅस्टिकच्या झाकणांसारखेच इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर तयार होतात. मात्र हे मशीन 200 अंश सेल्सिअसच्या आसपास चालते आणि पोलाद वितळायला जवळपास 1400 अंश लागतात. ही तफावत भरून काढतो तो बाइंडर, म्हणजे मेण आणि पॉलिमर यांचे मिश्रण. तयार तुकड्यात त्याचा कणही उरत नाही. तरीही या उद्योगाचा इतिहास हा मुख्यतः बाइंडर बाहेर कसा काढायचा याचाच इतिहास आहे.

भुकटी आणि बाइंडरचे गणित

साधारण 20 मायक्रॉनपेक्षा बारीक धातूची भुकटी गरम बाइंडरमध्ये मळून तिचे दाणे करतात. हा झाला फीडस्टॉक. आकारमानाने पाहिले तर त्यात 60 टक्के धातू आणि 40 टक्के बाइंडर असतो. पोलाद वजनदार असल्याने वजनात बाइंडरचा वाटा सात-आठ टक्केच भरतो. भुकटी यापेक्षा फार वाढवली तर मिश्रण साच्यात वाहत नाही. बाइंडर वाढवला तर तो काढताना तुकडा बसतो.

मोल्डिंगनंतर हाती येतो तो ग्रीन पार्ट. त्यातला बाइंडर काढला की ब्राउन पार्ट उरतो, इतका ठिसूळ की चिमटीत दाबला तर चुरा होईल. मग भट्टीत सिंटरिंग होते: 316एल जातीचे स्टील साधारण 1350 अंशांना हायड्रोजनमध्ये किंवा निर्वातात तापवले की कण वितळल्याशिवाय एकमेकांत मिसळतात आणि मधल्या पोकळ्या मिटतात.

पोकळ्या मिटतात म्हणजे तुकडा आक्रसतो. 60 टक्के भरलेला आकार 98 टक्के घनतेला पोचायचा तर प्रत्येक माप सुमारे 15 टक्क्यांनी घटते. दहा मिलिमीटरचा भाग हवा असेल तर साच्यात जवळपास 11.8 मिलिमीटरची पोकळी कापावी लागते. फीडस्टॉकमधला बाइंडर दोन टक्के इकडे-तिकडे झाला, की हे माप चुकते.

स्पार्क प्लगपासून रॉकेटपर्यंत

या तंत्राची सुरुवात सिरॅमिकने झाली. 1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग विभागात कार्ल श्वार्ट्झवाल्डर यांनी अॅल्युमिनाचे इन्सुलेटर इंजेक्शनने घडवण्याची पद्धत विकसित केली. धातूला ती लागू व्हायला 1970 चे दशक उजाडावे लागले. कॅलिफोर्नियात रेमंड वीच यांनी पार्माटेक कंपनीतून मेणावर आधारलेला बाइंडर वापरून धातूचे भाग बनवले. 1979 मध्ये अशा दोन भागांना पावडर मेटलर्जी उद्योगाचे पुरस्कार मिळाले: एक बोईंगच्या विमानासाठी, दुसरा रॉकेटडाइनच्या रॉकेट इंजिनासाठी. तेव्हाचा मोठा अडथळा वेळेचा होता. मेण नुसत्या उष्णतेने घालवायचे तर तापमान इतक्या हळू चढवावे लागे की कित्येक दिवस भट्टी अडकून पडे. घाई केली की आतला वायू वाट शोधत तुकडा फोडून बाहेर येई.

तीन घराणी

यावर निघालेला तोडगा म्हणजे बाइंडर एका पदार्थाचा न ठेवता दोन-तीन पदार्थांचा करायचा आणि ते पाळीपाळीने काढायचे.

पहिले घराणे मेणाचे. पॅराफिन मेण निम्म्याच्या आसपास, पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएथिलिन तीसेक टक्के आणि कण ओले व्हावेत म्हणून थोडे स्टिअरिक आम्ल. तुकडे कोमट हेप्टेनमध्ये बुडवले की मेण विरघळून निघते आणि आतपर्यंत बारीक वाटा मोकळ्या होतात. उरलेले पॉलिमर स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखे आकार तोलून धरते. पुढे 350 ते 600 अंशांदरम्यान त्याचे विघटन होते आणि वायू त्याच वाटांनी बाहेर पडतात. अडचण जाडीची: जाडी दुप्पट झाली तर मेण निघायला लागणारा वेळ चौपट होतो.

दुसरे घराणे पाण्याचे. पॉलिएथिलिन ग्लायकॉल पाण्यात विरघळते आणि पीएमएमए हे प्लॅस्टिक आकार धरून ठेवते. ज्वलनशील द्रावक लागत नाही, पण पाण्याने गंजणाऱ्या भुकट्यांना हे मानवत नाही आणि तुकडे वाळवण्याचे एक काम वाढते.

तिसऱ्या घराण्याने खेळ बदलला. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने पॉलिअॅसिटल हाच मुख्य बाइंडर केला. हे प्लॅस्टिक सुमारे 165 अंशांना वितळते. पण 110-120 अंशांच्या ओव्हनमध्ये नायट्रिक आम्लाची वाफ सोडली तर न वितळताच त्याची साखळी टोकापासून सुटत जाते आणि फॉर्माल्डिहाइड वायू होतो. बाइंडर घन अवस्थेतून थेट वायू झाल्यामुळे तुकडा मऊ पडून वाकत नाही. विघटन पृष्ठभागापासून आत, ताशी एक-दोन मिलिमीटरच्या वेगाने सरकते, म्हणून दिवसांचे काम तासांवर आले. या वेगाची किंमतही आहे. फॉर्माल्डिहाइड विषारी आणि स्फोटक, त्यामुळे ओव्हनमध्ये सतत नायट्रोजन फिरवावा लागतो आणि बाहेर पडणारा वायू ज्योतीत जाळावा लागतो.

राख चालत नाही

पीव्हीसीसारखे स्वस्त प्लॅस्टिक का नको? ते तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडते आणि मागे कार्बन ठेवते. 316एल स्टीलमध्ये कार्बनची मर्यादा 0.03 टक्के आहे. बाइंडरचा अवशेष राहिला तर तो कार्बन क्रोमियमला धरतो आणि स्टेनलेस म्हणून विकलेला भाग गंजतो. पीएमएमए किंवा पॉलिअॅसिटल मागे जवळपास काहीच न ठेवता जातात, हाच त्यांचा मोठेपणा.

ऑक्साइड सिरॅमिकला ही भीती कमी. राडोच्या घड्याळांच्या झिर्कोनियाच्या केसमधला किंवा अॅल्युमिनाच्या भागातला कार्बन हवेतच जाळून टाकता येतो. पण सिरॅमिकची भुकटी बहुधा मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. तिचा पृष्ठभाग अफाट, म्हणून तिला बाइंडर अधिक लागतो आणि तो काढताना भेगांचा धोकाही वाढतो.

आपल्याकडे

भुकटीतून भाग बनवणे महाराष्ट्राला नवे नाही. पिंपरीतल्या महिंद्र सिंटर्ड प्रॉडक्ट्समध्ये, म्हणजे पुढच्या जीकेएनमध्ये, ते वर्षानुवर्षे चालले. पण तिथली मूळ पद्धत दाबून घडवण्याची. तिला टक्काभर वंगण पुरते आणि आकार डायमधून सरळ वर निघणारेच करता येतात. इंजेक्शनच्या पद्धतीत मात्र भारताचे मोठे नाव बंगळुरूच्या इंडो-एमआयएमचे. 1990 च्या दशकात सुरू झालेली ही कंपनी आज जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी आहे.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे उत्तम प्लॅस्टिक मोल्डर आणि टूलरूम आहेत. त्यांच्यापैकी कुणी या धंद्यात उतरायचे ठरवले तर मशीन आणि भट्टी विकत मिळतील, तयार फीडस्टॉकही मिळेल. पण साचा त्या फीडस्टॉकच्या आक्रसण्याच्या प्रमाणावर कापलेला असतो. उद्या पुरवठादार बदलला आणि नव्या मालाचे प्रमाण जुन्याशी जुळले नाही, तर महागडा साचा नव्याने करावा लागतो. म्हणून आधी बाइंडर पक्का करावा, तो कसा आणि किती वेळात निघतो हे स्वतः तपासावे आणि मगच साच्याच्या पोलादाला हात लावावा.