गॅसबत्तीतला गॅस कुठला?

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले आणि गावेच्या गावे अंधारात राहिली. तोंडवली-तळाशीलच्या किनाऱ्यावर माळ्यावरची जुनी गॅसबत्ती मोडीत काढू नये, ती यासाठीच. दशावतार रात्र रात्र रंगायचा तोही हिच्याच उजेडात.

नावाने मात्र आपण फसतो. बत्ती म्हणजे मूळ संस्कृत ‘वर्ति’, वात. हिच्यात वात नाही. गॅसची टाकीही नाही. आत असते रॉकेल. ते तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. गॅस तो हाच. ‘पेट्रोमॅक्स’ हे बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्यातल्या बत्तीचे नाव, पेट्रोलियम आणि मॅक्स जोडून केलेले. पुढे कुठल्याही बत्तीला तेच चिकटले.

टाकी पाऊणच भरावी. दाबाने रॉकेल वर चढवणाऱ्या हवेला जागा लागते.

मग मेंटल, म्हणजे जाळीची छोटी पिशवी, घट्ट बांधावी. पहिल्यांदा पेटल्यावर तिचे कापड जळून जाते आणि क्षारांचा नाजूक सांगाडा उरतो. तो तापून पांढरा उजेड देतो. ही युक्ती ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांची, १८८५ ची. सांगाड्याला बोट लावू नये. जुन्या मेंटलमध्ये किंचित किरणोत्सारी थोरियम असते, म्हणून त्याची राख नाकात जाऊ देऊ नये.

आता खरी कसोटी. हवेचा स्क्रू सैल ठेवून वाटीतले स्पिरिट पेटवावे आणि ते विझत येईपर्यंत थांबावे. बहुतेक जण इथेच घाई करतात. रॉकेल वर नेणारी नळी पुरती तापलेली नसताना पंप मारला, तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल वर येते. पिवळ्या ज्वाळा उठतात, मेंटल काजळते. असे झाले तर स्क्रू सोडून दाब काढावा, ज्वाळा शमू द्याव्यात आणि पुन्हा स्पिरिटपासून सुरुवात करावी.

नळी तापली की स्क्रू आवळून पंप मारावा. दाब धरत नसेल तर बहुधा पंपातला चामडी वायसर सुकलेला असतो. त्याला तेल लावावे.

उजेड मंदावला तर निपलचे, म्हणजे वाफ सुटण्याचे, बारीक भोक तुंबलेले असू शकते. बाजूची चावी फिरवली की आतली सुई ते मोकळे करते. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर ती तडकते, हे पडवीत टांगताना ध्यानात ठेवावे. घरात लावली तर खिडकी उघडी हवीच. कोंडलेल्या खोलीत विषारी वायू साठतो.

विझवताना फक्त स्क्रू सोडावा. पुन्हा माळ्यावर चढवण्याआधी टाकी रिकामी करून खाऱ्या वाऱ्याचा ओलसरपणा पुसून घ्यावा.