वेताळ, वाळवी आणि सादळलेली हवा : घरातला कॉमिक्सचा संग्रह



आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा कॉमिक्सशी काय संबंध? संबंध आहे, तो पुढे येईल. आधी साधी गोष्ट. माझ्याकडे पोशीरच्या घरी आज हजाराच्या वर अंक आहेत आणि दर महिन्याला त्यात भर पडते. इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा, चांदोबा, किशोर. चांदोबा आणि किशोर ही काटेकोर अर्थाने कॉमिक्स नव्हेत, मासिकं आहेत. पण मराठी घरात ती वेताळाच्या शेजारीच ठेवलेली असतात, आणि कसर काही वाङ्मयप्रकार बघून खात नाही.

पहिला प्रश्न असा, की हा कागद इतक्या लवकर का मरतो? पुण्याच्या पेशवे दफ्तरात अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद हजारो रुमालांत बांधून ठेवलेत आणि त्यातले पुष्कळ आजही हाताळता येतात. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४चा. म्हणजे जेमतेम साठ वर्षं. तरी त्या काळातला अंक उघडून बघा. पान तपकिरी झालेलं असतं, आणि कोपरा दुमडला तर तुकडाच हातात येतो. फरक कागदाच्या बनावटीत आहे. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद, त्याचे तंतू लांब आणि चिवट. कॉमिक्सच्या आतला कागद न्यूजप्रिंट. लाकूड दळून लगदा करायचा, त्यात लाकडातला लिग्निन नावाचा घटक तसाच राहतो. त्याला हवा आणि उजेड लागला की पान पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल तंतू तोडत जातं. कागद गिरणीतून बाहेर पडला तेव्हापासून हा रोग त्याच्या पोटात आहे. घरच्या घरी आपण तो बरा करू शकत नाही, त्याची चाल मंद करू शकतो. ऊब, ओल आणि उजेड कमी केले की ती मंदावते. एवढं ध्यानात घेतलं की पुढचे बरेचसे नियम आपले आपल्याला सुचतात.

आता आमच्याकडची हवा. एका अंगाला माथेरानचा डोंगर, जवळून पोशीर नदी, ती पुढे उल्हासला मिळते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत बरणीतलं मीठ ओलं राहतं, पापड सादळतात. पापड सादळला म्हणजे कागदही सादळला, असं खुशाल समजा. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. कागदाला चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान बरं वाटतं. भर पावसात कर्जत-खालापुरात ती ऐंशी-नव्वदला सहज जाते. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, महाग नसतं. कपाटात एक ठेवा, म्हणजे अंदाजावर बोलणं थांबेल.

आणि पूर. २६ जुलै २००५ या खोऱ्यात कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. वांगणी आमच्यापासून फार लांब नाही. म्हणून जमिनीवर खोका ठेवायचा नाही. सगळ्यात खालचा कप्पा निदान कमरेएवढ्या उंचीवर हवा. पश्चिमेच्या भिंतीला पाऊस झोडपतो, तिथे कपाट नको. कुठल्याही भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, वारा खेळला पाहिजे. माळा तर नकोच. पत्र्याखालचा मे महिना म्हणजे कागदाची भट्टी.

यात एक गोष्ट शहरातले संग्राहक सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे वातानुकूलित खोली असते. झाकणाचा घट्ट डबा आणि आत सिलिका जेल, हा उपाय उत्तम आहे, पण डबा कधी भरता त्यावर सगळं आहे. जुलैत सादळलेले अंक डब्यात घालून झाकण लावलंत तर तुम्ही ओल कोंडून ठेवलीत. हे काम जानेवारी-फेब्रुवारीचं. कोरड्या हवेत अंक दोन दिवस सावलीत, पंख्याखाली ठेवायचे आणि मग भरायचे. आपल्याकडे पुस्तकांना ऊन दाखवायची पद्धत आहे. न्यूजप्रिंटला ती घातक. मग दसऱ्याच्या सुमारास, पाऊस गेल्यावर, एकदा सगळं उघडून बघायचं. सिलिका जेल उघड्या कपाटात ठेवलं तर एका दिवसात भिजून स्वस्थ बसतं, त्याचा उपयोग बंद डब्यातच.

आता तत्त्वज्ञान. न्यायदर्शनात व्यक्ती आणि जाती असा भेद आहे. ही समोरची गाय ही व्यक्ती, गोत्व ही जाती. कॉमिक्सला तो जसाच्या तसा लागू होत नाही हे मला माहीत आहे, न्यायाचे अभ्यासक रागावतील, पण कामापुरता घेऊ. तुम्ही नेमकं काय जपताय? वेताळाची अमुक एक कथा, जी कुठल्याही प्रतीत तीच असते? की ही एक प्रत, जिच्यावर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानाचा शिक्का आहे आणि कुणीतरी पेन्सिलने मिशा काढल्या आहेत? प्रत्येक अंकाबाबत याचं उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि खर्च कुठे करायचा ते त्या उत्तरावर ठरतं. कथा जपायची असेल तर अंक एकदा नीट स्कॅन करा, दोन वेगळ्या ठिकाणी साठवा, आणि प्रत बिनधास्त नातवंडांना वाचायला द्या. (स्कॅन आपल्यापुरता. दुसऱ्याच्या हक्काचा माल जगाला वाटू नये.) प्रत जपायची असेल तर मात्र पुढची सगळी उठाठेव.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली, की वडिलांनी चांदोबाचे वर्षभराचे अंक बाईंडरकडून बांधून घेतलेत, त्याने वाट लागली का? संग्राहकांच्या बाजारात हो. बाईंडर कडा कापतो, भोकं पाडतो. पण पुठ्ठ्याच्या बांधणीने किती घरांत हे अंक रद्दीवाल्यापासून वाचवले याचाही हिशेब करा. सुटा अंक रद्दीत जातो, बांधलेला खंड पुस्तक म्हणून राहतो. माझ्या मते त्या बाईंडरांचे आपल्यावर उपकार आहेत. ते खंड तसेच ठेवा, सोडवू नका.

अमेरिकेत याचं दुसरं टोक दिसतं. १९३८ सालच्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला विकली गेली. मूळ किंमत दहा सेंट. असे अंक दर्जा ठरवून पारदर्शक कठीण आवरणात कायमचे बंद करतात. आवरण फोडल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. वाचता न येणारं कॉमिक हे कॉमिक उरतं का, यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. आज नको.

प्रत जपायची तर पिशवी हवी. शाळेच्या वहीला घालतो तसलं मऊ, वास येणारं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्याला घाम येतो आणि छपाई त्याला चिकटते. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची पिशवी घ्या, पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा. साधा तपकिरी पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन्ही परत काढता येत नाहीत. पिना गंजल्या असतील तर बोथट चाकूने हलकेच उघडून काढा, नवीन पिन मारण्याऐवजी सुती दोऱ्याचा टाका घाला.

किड्यांबद्दल. कसर खळ आणि कागदाचा पृष्ठभाग खाते, झुरळं मुखपृष्ठ कुरतडतात, वाळवी भिंतीतून येते आणि कपाटाच्या मागून काम करते. लोक डांबरगोळ्या टाकून निर्धास्त होतात. त्यांचा वास माणसाला बरा नाही आणि कित्येक प्लास्टिकं त्याने खराब होतात. जुने लोक पोथ्यांत वेखंड ठेवत, ते ठेवायला हरकत नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला. पण दर महिन्याला टॉर्च घेऊन कपाटामागे बघणं, हे या सगळ्याहून उपयोगी. रद्दीतून आणलेला जुना अंक थेट संग्रहात मिसळू नका. पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका. घरात यावरून बोलणी बसतील, मटारच्या शेजारी मॅन्ड्रेक कशाला म्हणून. ती सोसावी.

संग्रह वाढतो तशी यादी हवी. साधी वही चालेल. नाव, क्रमांक, भाषा, अवस्था, कुठल्या डब्यात. इंद्रजालवाल्यांना एक सूचना. १२३ आणि १२४ हे अंक शोधत फिरू नका, संपामुळे ते निघालेच नाहीत. आणि ४४४ नंतर क्रमांकाची रीत बदलून खंड २०, अंक १ अशी झाली, त्यामुळे तुमच्या यादीत मध्येच खंड पडलाय असं वाटेल, तो पडलेला नाही.

शेवटची चिठ्ठी : अंक भिजलेच तर? आधी घाई थांबवा. ओलं पान ओढून सोडवायला गेलात तर ते फाटणारच. थोडे अंक असतील तर पानांमध्ये कोरा टिपकागद घाला, तो दर काही तासांनी बदला, पंखा चालू ठेवा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. चकचकीत मुखपृष्ठं एकमेकांवर वाळली की कायमची चिकटतात, ती सर्वांत आधी वेगळी करा. अंक जास्त असतील आणि वीज असेल तर पिशव्यांत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी थांबते, आणि मग सवडीने दोन-दोन, तीन-तीन अंक बाहेर काढून वाळवता येतात.