कादंबरी, मासवडी आणि मोती

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. यमूचे पुढे काय होणार, यासाठी वाचकांना आठवडाभर थांबावे लागे. आमच्या सौभाग्यवतींना एवढा धीर कुठला! त्या शेवटचे पान आधी वाचतात. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला हे मुळीच पसंत नाही. पण ताटात मासवडी असली की मी वाद घालीत नाही. नाव फसवे हो! बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचे सारण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. जुन्नर-आंबेगावात हिच्यापुढे पक्वान्ने फिकी.

राहता राहिला मोती. त्याला मात्र उजेडीच फिरवून आणावे लागते. कुकडीच्या धरणांमुळे इकडे ऊस वाढला आणि उसात बिबट्या नांदू लागला. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तरी मोकळे पुष्कळ. माणसांचेही बळी गेले आहेत. रात्री ओट्यावर बांधलेले कुत्रे म्हणजे त्याच्यासाठी वाढलेले ताटच! म्हणून दिवेलागणीला मोती घरात आणि दाराला कडी. मी कादंबरी उघडतो, तो पायाशी पसरतो. मध्येच तो कान टवकारून गुरगुरला, की सौभाग्यवतीही शेवटचे पान सोडून कडी पाहून येतात.