चार बाजू सारख्या, शेत वेगळे

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा दोन चुलत्यांनी जमीन दोरीने मोजली होती. एक तुकडा विहिरीकडचा, दुसरा ओढ्याकडचा. दोन्हींच्या चारही बाजू सहा-सहा साखळ्या भरल्या. साखळी म्हणजे ३३ फूट. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. सहा सक छत्तीस, दोघांनाही छत्तीस गुंठे, असे ठरवून चिठ्ठ्या टाकल्या. पुढे सरकारी मोजणी झाली, तेव्हा ओढ्याकडचा तुकडा ३१ गुंठ्यांच्या जरा वर भरला. धाकट्या चुलत्यांनी थोरल्यांशी बोलणे टाकले, ते कायमचे. सोयीसाठी मी बाजूंचे आकडे किंचित गोल केले आहेत. भांडण मात्र आहे तसेच सांगितले आहे.

कोणी कोणाला फसवले नव्हते. गफलत कोपऱ्यांत होती. सैल झालेली बाज ढकलली की तिरकी होते. लाकडे तेवढ्याच लांबीची राहतात, पण आतली जागा आकसते. शेताचेही तसेच. सहा साखळ्यांच्या चार बाजूंचे कोपरे काटकोनात असतील तर ३६ गुंठे. एक कोपरा ६० अंशांवर आला तर सुमारे ३१.२ गुंठे. तोच ३० अंशांवर आणला तर बरोबर निम्मे, १८ गुंठे!

शाळेत शिकलेली कोनांची बेरीज इथे मदतीला येत नाही, आणि मला वाटते मुलांना नेमके हेच सांगायचे राहून जाते. चौकोनाला एक कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात, प्रत्येकाचे १८० अंश, म्हणून बेरीज ३६०. पाच बाजूंच्या शेताचे तीन त्रिकोण, ५४०. पण एक कोपरा ९० वरून ६० वर येतो तेव्हा शेजारचा १२० वर जातो, आणि बेरीज ३६० ची ३६० च राहते. यंत्राने कोन मोजणारा मोजणीदार ही बेरीज ताळा म्हणून वापरतो. एखादा कोन चुकीचा वाचला असेल तर ती लगेच सांगते. क्षेत्राबद्दल ती काहीच सांगत नाही.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची रीत गावोगाव चालते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये या रीतीने येणाऱ्या क्षेत्रफळाला ‘स्थूल’ म्हटले होते. भास्कराचार्य याहून कडक. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ते म्हणतात की लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे ठराविक क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च असावा, आणि उत्तर देणारा त्याच्याहून मोठा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. निफाडहून दिवसाभरात पाहून परत येता येते.

इंग्रजी अमदानीतल्या मोजणीने हा लंबच धरला. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी पाहणी केली, तिची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीची हत्यारे शंकू आणि साखळी. शंकू म्हणजे काठीवर बसवलेले, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटींचे साधन. शेतातून एक मूळ रेषा धरायची, तिच्यावरून शंकू पुढे-मागे सरकवायचा. एका फटीतून रेषेचे टोक आणि दुसरीतून बांधाचा कोपरा दिसला की त्या ठिकाणाहून कोपऱ्यापर्यंत साखळी टाकायची. असे सगळे कोपरे घेतले की वाकडेतिकडे शेत काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत वाटले जाते. ही मापे साखळी-आण्यांत (सोळा आण्यांची साखळी) टिपणावर लिहिलेली सापडतात. जुने टिपण वाचायला बसलो की माझा अर्धा दिवस सहज जातो.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा तर कर्ण मोजावा. विहिरीकडच्या तुकड्याचा कर्ण २८० फूट भरतो; ओढ्याकडच्याचा आखूड कर्ण १९८ फूट, म्हणजे बाजूएवढाच. दोरी एकदा तिरकी धरली असती तर फरक तिथेच दिसला असता. पण उभ्या पिकातून तिरके कोण जाणार? द्राक्षबागेत तर मांडवाच्या तारा आडव्या येतात. तिथे कोपऱ्यापासून एका बांधावर ३० फुटांवर आणि दुसऱ्यावर ४० फुटांवर खुंट्या ठोकाव्यात. खुंटीपासून खुंटी ५० फूट भरली तर कोपरा काटकोनात. गवंडी पाया आखताना गुण्याच्या जोडीला हेच तीन-चार-पाच वापरतो. तीन कोपरे असे जुळले तर चौथा पाहण्याची गरज नाही, तो ओढ्याच्या चिखलात असला तरी: ३६० मधून तीन काटकोन गेले की ९० च उरतात. दोनच जुळले तर मात्र चिखलात उतरावे लागते.