दारू न पिताही यकृतावर चरबी

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ दिसलं की अकोल्या-अमरावतीकडचा माणूस म्हणतो, ‘मी तर दारूला शिवतही नाही!’ खरं आहे. पण पोटाचा घेर, रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड वाढले की यकृतात चरबी साठते. म्हणूनच २०२३ मध्ये या आजाराच्या नावातच चयापचयाचा बिघाड आला.

वजन ५ टक्के घटलं तर चरबी उतरते. ७ ते १० टक्के घटलं तर सूजही. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी रोज चालेल. गिला वडा, तुपात बुडवलेले रोडगे सणावारी. चहातली साखर सोडा, रोज अर्धा तास भरभर चाला. यकृत कडक होतंय का, याचा अंदाज फिब-४ आकड्यावरून येतो. वय, एएसटी, एएलटी, प्लेटलेट एवढ्यावर तो निघतो; डॉक्टरांना विचारा.