दुसऱ्या दिवशीचं एचबी

1984 साली तालुक्याच्या गावी गर्भपिशवीची ऑपरेशनं करू लागले तेव्हा एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, साहलीच्या नळीत मोजलं जायचं. थेंबभर रक्त हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग तो तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं. ढगाळ दिवशी दोघांचे दोन आकडे येत. तरीही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीचं बोट टोचायचं आणि दहाच्या खाली भरलं की नवऱ्याला रक्ताच्या बाटलीसाठी जिल्ह्याला धाडायचं, हा नेम होता.

दहाचा हा धाक 1942 पासूनचा. मेयो क्लिनिकच्या ॲडम्स आणि लंडी यांनी लिहिलं होतं, एचबी 8 ते 10 च्या खाली असेल तर ऑपरेशनआधी रक्त द्यावं. आमच्यापर्यंत येताना आठ गळाला, 'आधी' गळालं, दहा तेवढा उरला. 1999 साली कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतल्या 838 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. त्याआधी उगाच चढवलेल्या बाटल्या आठवून मला आजही वाईट वाटतं.

आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या थोरल्या सिस्टर मात्र रिपोर्टची वाट पाहत नसत. भिजलेले मॉप तराजूत टाकायच्या, कोरड्याचं वजन वजा करायच्या. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. त्यात सक्शनची बाटली मिळवायची. "बाई, ही उद्या दहावर येईल," म्हणायच्या, आणि यायची. त्यामागचं गणित सरळ आहे. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. तीनशे मिली गेलं तर अकराचं एचबी दहाच्या आसपास उतरतं. आधीचा आकडा, वजन आणि गेलेलं रक्त कळलं, की उद्याचा रिपोर्ट बहुतेक आजच वाचता येतो.

फसवतो तो घाईचा रिपोर्ट. रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि पाणी एकदमच जातात, म्हणून एचबी लगेच घसरत नाही. अंगातलं पाणी रक्तात उतरायला, सलाइन मिसळायला वेळ लागतो. एका बाईचं संध्याकाळचं एचबी साडेदहा आलं आणि मी निर्धास्त झाले. तिची नाडी एकशे वीसवर होती. रात्री पोट पुन्हा उघडावं लागलं. ती वाचली. पण त्या दिवसापासून मी कागदाआधी मनगट धरते. पांढऱ्या पेशींचंही तसंच: पहिल्या दिवशीचे चौदा हजार हा बहुतेकदा ऑपरेशनचा ताण असतो, ताप नसताना त्यावर अँटिबायोटिक वाढवणं चूक.

पुढे दुर्बिणीची ऑपरेशनं आली, रक्त कमी जाऊ लागलं. ऑपरेशनआधीचा कमी आकडा मात्र हटला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं. आमच्याकडे येणारी तर महिनोन्‌महिने अंगावरून जाऊन सातवर आलेली असते. तातडी नसेल तर मी आता ऑपरेशन पुढे ढकलते, शिरेतून लोह देते आणि एचबी दहावर येईपर्यंत थांबते. दुसऱ्या सकाळी तिला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवते, गरगरतंय का विचारते, लघवीची पिशवी पाहते. ती चहा मागते. मग सुई टोचायला मी सांगत नाही.